माशांच्या टँकला सम्पचा रिटर्न पंप घेताय? लाईट जाऊन आल्यावर परत चालू होतो का ते आधी बघा

मे महिना होता, रात्री अडीचच्या सुमाराला लाईट गेली आणि वीस-पंचवीस मिनिटांनी आली, पंखा सुरू झाला म्हणून मी कूस बदलून परत झोपलो. सकाळी चहा टाकायला उठलो तर घरात काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, मग लक्षात आलं की माशांच्या टँकच्या ओव्हरफ्लोमधून, म्हणजे जादा पाणी खाली सोडणाऱ्या वाटेतून, पाणी पडायचा जो बारीक खळखळ आवाज चोवीस तास असतो तो बंद आहे. स्विच बंद करून पंप सम्पमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या खालच्या टँकमधून, बाहेर काढला तर हाताला चांगला गरम लागला, म्हणजे रात्रभर करंट घेत होता पण फिरत नव्हता. वर चार फुटी टँकमध्ये सगळे मासे पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होते आणि दोन सिल्व्हर डॉलर तळाशी आडवे पडलेले. पाच वर्षं सांभाळलेले मासे होते ते.

पंप उघडला तर इम्पेलरच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाच्या, चुंबकावर पांढरट कडक थर, बोअरच्या पाण्याचे क्षार. चौदा महिने तो पंप चालत होता तो फिरतोय म्हणून फिरत होता, एकदा थांबला की तो थर फोडून परत फिरायची ताकद त्याच्यात उरलेली नव्हती. तेव्हापासून मी रिटर्न पंपाकडे एकाच नजरेने बघतो. चालू असताना तर सगळेच पंप चांगले वाटतात, लाईट जाऊन आल्यावर आपोआप, कुणी हात न लावता, परत पाणी वर चढवतो तोच खरा पंप. पहिल्यांदा सम्प लावणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर लिहितोय, घाई न करता वाचा आणि जमलं तर हातात मेजरिंग टेप घेऊन वाचा.

आधी थोडक्यात, हा पंप करतो काय. सम्प म्हणजे खाली कॅबिनेटमध्ये ठेवलेला दुसरा टँक, त्यात स्पंज, मीडिया (पाणी गाळायचं साहित्य), हीटर सगळं असतं. वरच्या टँकमधलं पाणी ओव्हरफ्लोमधून आपल्या वजनानेच खाली येतं, त्याला मोटर लागत नाही. खालून वर न्यायला मात्र पंप लागतो, तोच रिटर्न पंप. म्हणजे पूर्ण सिस्टीममध्ये फिरणारी वस्तू ही एकच, आणि ती थांबली की फिल्टरही थांबला, पाण्याची हालचालही थांबली आणि हवा मिसळणंही थांबलं.

पहिली पायरी : पाणी किती फिरवायचं ते ठरवा

टँकची लांबी, रुंदी, उंची फुटात घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि २८.३ ने गुणा, लिटर येतात. माझा टँक ४ फूट बाय दीड फूट बाय २ फूट, म्हणजे १२ घनफूट, म्हणजे ३४० लिटर. पण काठोकाठ कोणी भरत नाही, खाली वाळू असते, दगड असतात, लाकूड असतं, त्यामुळे खरं पाणी ३०० लिटर धरा.

गोड्या पाण्याच्या टँकला तासाला चार ते सहा वेळा पाणी सम्पमधून फिरलं की पुरतं. गोल्डफिश, ऑस्कर असे घाण जास्त करणारे मासे असतील तर सहाच्या बाजूला जा, छोटे टेट्रा आणि झाडं असतील तर चार खूप झाले. समुद्री टँकवाले पूर्वी दहा-दहा पट फिरवायचे, आता बरेच जण सम्पमधून तीन ते पाच पटच नेतात आणि आतली हालचाल वेव्हमेकरवर, म्हणजे टँकमध्येच पाणी ढवळणाऱ्या छोट्या पंपावर, सोडतात, आणि मला ते पटतं, कारण कोरलला लागणारा जोर रिटर्न पंपाकडून काढायला गेलं की खाली सम्पमध्ये नुसते बुडबुडे आणि आवाज होतो. तर माझं गणित, ३०० गुणिले ५, तासाला १५०० लिटर. हा आकडा कागदावर लिहून ठेवा.

अजून एक, ड्रेनचा पाईप किती पाणी खाली आणू शकतो हेही बघा. पंप कितीही मोठा आणला तरी ड्रेनला झेपेल तेवढंच पाणी फिरणार, त्याच्या वर गेलात तर टँक वरून वाहणार. आणि ड्रेनला शक्यतो दुसरा इमर्जन्सी पाईप असू द्या, पहिल्यात पान किंवा गोगलगाय अडकली तर तो वाचवतो.

दुसरी पायरी : हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, समजून घ्या, सगळी फसगत इथेच होते

बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, २००० लिटर पर अवर. नवीन माणूस म्हणतो आपल्याला १५०० पाहिजे, २००० चा घेऊ, वर ५०० शिल्लक. हे चुकतं. तो २००० चा आकडा पंप पाण्याच्याच लेव्हलला सोडत असेल तेव्हाचा, म्हणजे वर चढवायचं काहीच काम नसताना. बॉक्सवर दुसरा एक आकडा बारीक अक्षरात असतो, एच-मॅक्स, मीटरमध्ये. त्या उंचीला पंपाचा जीव संपतो, पाणी तिथपर्यंत येऊन नुसतं उभं राहतं, बाहेर थेंब पडत नाही. आपलं काम या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी चालतं.

तर टेप घ्या. सम्पमधल्या पाण्याच्या वरच्या पातळीपासून, जमिनीपासून नाही आणि पंपापासूनही नाही, रिटर्न पाईपच्या सगळ्यात उंच बिंदूपर्यंत सरळ उभं अंतर मोजा. माझं स्टँड ७५ सेंटिमीटर, त्यावर टँक ६० सेंटिमीटर, म्हणजे टँकचा काठ जमिनीपासून १३५ वर. सम्पमधलं पाणी जमिनीपासून २५ वर. उरले ११० सेंटिमीटर, म्हणजे १.१ मीटर. यात पाईपचं घर्षण, एल्बो (पाईपचे काटकोनी जोड), व्हॉल्व्ह यांचं नुकसान धरायचं, पाऊण इंची पाईप आणि तीन-चार एल्बो असतील तर १५०० लिटरच्या प्रवाहाला साधारण अर्धा मीटर. झाले १.६ मीटर.

आता दोन पंप बघू. पहिल्याचा बॉक्स सांगतो २००० लिटर आणि एच-मॅक्स २ मीटर, दुसऱ्याचा सांगतो ३००० लिटर आणि एच-मॅक्स ३ मीटर. वहीत एक सरळ रेघ मारा, एका टोकाला पूर्ण लिटर आणि शून्य उंची, दुसऱ्या टोकाला एच-मॅक्स आणि शून्य लिटर. पंपाची खरी रेघ थोडी वाकडी असते पण अंदाजाला ही पुरते. ३००० वाला माझ्या टँकवर १४०० च्या आसपास देतो, बरोबर हवं तेवढं. २००० वाला, प्रवाह कमी झाला की घर्षणही कमी होतं ते धरूनसुद्धा, साडेसातशे-आठशेच्या वर जात नाही. बॉक्सवर फरक दीडपट दिसतो, टँकमध्ये जवळजवळ दुप्पट पडतो. म्हणून लिटरच्या आधी एच-मॅक्स वाचायची सवय लावा. तुमच्या उभ्या उंचीच्या अडीचपट तरी एच-मॅक्स असू दे, पंप दमत नाही.

कंपनीच्या वेबसाईटवर पंपाचा कर्व्ह, म्हणजे कुठल्या उंचीला किती लिटर त्याचा आलेख, मिळत असेल तर मग अंदाजाची गरजच नाही, कर्व्हवर आपली उंची शोधायची आणि खाली लिटर वाचायचे. कर्व्ह छापणाऱ्या कंपनीवर माझा विश्वास जरा जास्त बसतो.

पाईपचं इथेच सांगतो कारण पुष्कळ जण पंपावर पैसे घालतात आणि पाईपमध्ये वाचवतात. तेवढंच पाणी निम्म्या जाडीच्या पाईपमधून न्यायचं म्हटलं तर घर्षण दुप्पट होत नाही, जवळजवळ तीसपट होतं. पंपाचं तोंड अर्धा इंची असलं तरी अडॅप्टर लावून लगेच पाऊण किंवा एक इंची पाईपवर या. एल्बो कमीत कमी ठेवा, जिथे शक्य तिथे लवचिक नळी वापरून गोल वळण द्या. आणि पंपाच्या वर हाताला येईल अशा जागी एक युनियन, म्हणजे फिरवून उघडता येणारा पाईपचा जोड, लावाच लावा, शंभर-दीडशे रुपयांची वस्तू आहे, पण ती नसली तर पंप काढायला दर वेळी पाईप कापायला लागतो आणि मग माणूस सफाई टाळायला लागतो, आणि सफाई टाळली की काय होतं ते वर सांगितलंच. पाण्याचा जोर कमी करायचा असेल तर व्हॉल्व्ह पंपाच्या पुढे, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पाईपवर लावा, पंपाच्या तोंडाशी येणारं पाणी कधीही आवळू नका.

तिसरी पायरी : एसी घ्यायचा की डीसी

एसी पंप म्हणजे थेट २३० व्होल्टच्या प्लगला लागणारा. आत तांब्याची कॉइल रेझिनमध्ये सील केलेली, मधल्या खोबणीत चुंबक, त्या चुंबकाला जोडलेला इम्पेलर आणि मधून सिरॅमिकचा बारीक दांडा, बास. इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नाहीच, म्हणून बिघडायलाही फार काही नाही. स्वस्त पडतो, इम्पेलर बदलला की परत नव्यासारखा. वाईट बाजू म्हणजे वीज जास्त खातो, वेग कमी-जास्त होत नाही, आणि लाईट आल्यावर चुंबकाला एकदम झटका देऊन फिरायला लागतं, क्षार साचले असतील तर त्या झटक्यालाच तो अडकतो. चालू होताना एक-दोनदा कटकट आवाज येऊन मग पाणी चढलं तर घाबरू नका, छोट्या एसी पंपाचं चुंबक दोन्हीपैकी कुठल्याही दिशेने फिरायचा प्रयत्न करतं, त्यामुळे होतं ते. पण कटकट दहा-पंधरा सेकंद चालली तर सफाईची वेळ झाली समजा.

डीसी पंप बहुतेक २४ व्होल्टवर चालतो, सोबत अडॅप्टर आणि कंट्रोलर येतो. हळू सुरू होतो, हळूहळू वेग घेतो, आवाज कमी, तेवढंच पाणी बऱ्याचदा निम्म्या विजेत चढवतो, आणि बटण दाबून वेग बदलता येतो. फीड बटण असतं, ते दाबलं की खाणं टाकताना दहा मिनिटं पंप थांबतो आणि आपला आपण सुरू होतो, फार सोयीचं आहे ते. पाण्यात २३० व्होल्ट जात नाही हेही बरं. पण यात मोडणारी वस्तू बहुतेक वेळा पंप नसतो, अडॅप्टर किंवा कंट्रोलर असतो. जिथे व्होल्टेज वर-खाली होतं तिथे अडॅप्टर आधी जातो. आणि मुख्य म्हणजे काही हलके कंट्रोलर लाईट आल्यावर स्टँडबायवर येऊन बसतात, बटण दाबेपर्यंत पंप सुरूच करत नाहीत. तुम्ही ऑफिसला आणि पंप बटणाची वाट बघत बसलेला. म्हणून दुकानात चालू करून दाखवायला सांगा, प्लग काढा, दहा सेकंद थांबा, परत लावा. आपोआप, त्याच वेगाने सुरू झाला पाहिजे. नाही झाला तर तो पंप कितीही छान दिसू दे, रिटर्नला घेऊ नका.

माझं मत विचाराल तर गोड्या पाण्याचा तीन-चार फुटी टँक, बजेट मर्यादित, तर चांगला एसी पंप घ्या आणि सोबत एक जादा इम्पेलर घ्या. समुद्री टँक असेल, हॉल किंवा बेडरूममध्ये असेल, विदर्भ-मराठवाड्यासारखा कडक उन्हाळा असेल तर डीसीवर खर्च करा. उन्हाळ्याचा संबंध असा की पाण्यात बुडालेला पंप जेवढे वॅट खातो ते सगळे शेवटी उष्णता होऊन त्याच पाण्यात जातात. ६० वॅटच्या जागी २५ वॅटचा पंप बसवला तर मे महिन्यात एखादी डिग्री तरी फरक पडतो, आणि नागपूर-अकोल्याकडे पाणी आधीच ३२-३३ वर असताना ती एक डिग्री माशांना फार असते.

विजेचं गणित सोपं आहे. ४० वॅटचा पंप चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे २८.८ युनिट. ८ रुपये युनिट धरलं तर महिन्याला २३० रुपये. २० वॅटचा असेल तर ११५. तीन वर्षांचा हिशोब करा म्हणजे डीसीची जादा किंमत कुठे जाते ते कळेल.

चौथी पायरी : दुकानात पंप हातात घेऊन काय बघायचं

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट, कुर्ला, बाकी शहरांत आपापल्या अॅक्वेरियमच्या गल्ल्या आहेत, आणि ऑनलाईन तर सगळंच मिळतं, पण पहिला रिटर्न पंप शक्यतो दुकानातून घ्या, कारण तो उघडून बघता येतो. जर्मनीची एहाइम, इटलीची सिच्चे ही जुनी नावं, महाग आहेत. चीनच्या जेबाओ, सोबो सगळीकडे दिसतात आणि बहुतेक नवीन लोक तिथूनच सुरुवात करतात. नावापेक्षा पुढच्या गोष्टी जास्त बघा.

पुढचं झाकण दुकानदाराला उघडायला सांगा आणि इम्पेलर बाहेर काढा. दांडा सिरॅमिकचा आहे का, दोन्ही टोकांना रबरी बुश, म्हणजे दांडा धरून ठेवणाऱ्या छोट्या टोप्या, आहेत का, चुंबकाला कुठे तडा किंवा गंजाचा तांबूस डाग आहे का ते बोट फिरवून बघा. समुद्री टँकसाठी घेत असाल तर पाण्याला लागणारा एकही धातूचा स्क्रू नको, मिठाच्या पाण्यात स्टीलसुद्धा गंजतं आणि तांबं उतरलं तर कोरल-कोळंबी मरतात. वायर किती लांब आहे बघा, कॅबिनेटमधून बोर्डापर्यंत जोड न देता पोचली पाहिजे.

मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न : या मॉडेलचा इम्पेलर सुटा मिळतो का, आणि आत्ता दुकानात आहे का? "मागवून देतो" म्हणाले तर आत्ताच मागवून घ्या, पंपासोबतच पैसे द्या. मला दोन सिल्व्हर डॉलर गेल्यावर हा प्रश्न सुचला, तेव्हा कळलं की माझ्या पंपाचा इम्पेलर वर्षापूर्वीच यायचा बंद झालाय.

कूलरचा पंप लावू नका. दोन-अडीचशे रुपयांत मिळतो, पाणीही चढवतो, म्हणून पुष्कळ जण लावतात. तो दिवसातले काही तास, उन्हाळ्याचे तीन महिने चालायला बनवलेला असतो, वर्षभर चोवीस तास नाही, आणि त्याचं सील माशांच्या टँकचा विचार करून केलेलं नसतं. जिथे जिवंत प्राणी आहेत आणि आपण स्वतः पाण्यात हात घालतो तिथे ती काटकसर नको.

पाचवी पायरी : टँकला लावायच्या आधी बादलीत चालवा

घरी आणलेला पंप लगेच सम्पमध्ये टाकायचा नाही. मोठ्या बादलीत किंवा टबात पाणी घ्या, एक रात्र चालू ठेवा. मग प्लग काढा-लावा असं दहा वेळा करा, मधे कधी पाच सेकंद, कधी पाच मिनिटं थांबून. दहापैकी दहा वेळा सुरू झाला तर ठीक. एकदा जरी अडखळून बसला तर दुसऱ्या दिवशी दुकानात परत. बिल जपून ठेवा.

सम्पवर बसवल्यावर खरा प्रवाह मोजा. रिटर्नच्या तोंडाशी नळी लावून १० लिटरची बादली भरा आणि मोबाईलवर वेळ लावा. २४ सेकंदांत भरली तर तासाला १५०० लिटर, ३६ सेकंदांत भरली तर १०००. ही वेळ कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, तीन महिन्यांनी परत मोजली की पंप किती दमलाय ते लगेच कळतं.

सहावी पायरी : लाईट गेल्याची चाचणी

ही चाचणी न करता टँक सुरू केला तर पाणी एक दिवस जमिनीवर येणारच. माझ्या मित्राकडे झालं, टँक माझ्याच मापाचा, १२० बाय ४५ सेंटिमीटर, म्हणजे पाणी एक सेंटिमीटर उतरलं की ५.४ लिटर. त्याने रिटर्नचं तोंड पाण्यात छान खोल, १२ सेंटिमीटर ठेवलं होतं, आवाज येऊ नये म्हणून. लाईट गेली, पंप थांबला, आणि तोच रिटर्न पाईप आता सायफन झाला, पाणी उलटं खाली यायला लागलं आणि तोंड उघडं पडेपर्यंत थांबलं नाही. १२ गुणिले ५.४, जवळजवळ ६५ लिटर. सम्पमध्ये जागा होती ३९ लिटरची. उरलेले पंचवीस-सव्वीस लिटर कॅबिनेटमधून हॉलमध्ये, लॅमिनेट फुगलं आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला डाग पडला तो पडलाच.

उपाय सोपा आहे. रिटर्नचं तोंड पाण्याच्या पातळीच्या खाली एक-दोन सेंटिमीटरच ठेवा. किंवा पाईपला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली ३-४ मिलिमीटरचं भोक पाडा, पाणी उतरलं की त्यातून हवा आत जाते आणि सायफन तुटतो. ते भोक शेवाळाने बुजतं, दर पंधरा दिवसांनी त्यात टूथपिक फिरवा. चेक व्हॉल्व्ह मिळतो, पाणी उलटं येऊ देत नाही म्हणतात, पण त्याच्या झडपेत एक बारीक गोगलगाय किंवा क्षाराचा कण अडकला की तो गळतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका, असला तर असू दे.

चाचणी अशी करा : सम्पमध्ये नेहमीची पातळी ठेवा, प्लग काढा आणि पाणी उतरायचं पूर्ण थांबेपर्यंत तिथेच बसा. सम्पच्या काठाला तीन-चार बोटं जागा उरली पाहिजे. जिथे पाणी थांबलं तिथे काचेवर टेप चिकटवा. मग परत प्लग लावा आणि पंप आपणहून पाणी चढवतोय ना ते बघा, कारण पाईपमध्ये हवा अडकून पंप नुसता फिरत राहतो असंही होतं, तसं झालं तर पंप थोडा तिरका करून हवा काढायची आणि पुढे तसं होऊ नये म्हणून पंपावरून पाईप सरळ वर न्यायचा, मधे उंचवटा ठेवायचा नाही.

उलटी चाचणीही करा. ओव्हरफ्लो हाताने झाका, म्हणजे ड्रेन तुंबल्यासारखं. पंप रिटर्नच्या कप्प्यातलं पाणी वर टाकत राहील. तो कप्पा रिकामा झाला तरी वरचा टँक काठावरून सांडायला नको. माझा कप्पा २५ बाय ३५ आणि पाणी २० सेंटिमीटर, म्हणजे साडेसतरा लिटर. वर चार सेंटिमीटर जागा, म्हणजे साडेएकवीस लिटर. पुरतं. पंप कोरडा पडायला लागला की लगेच हात काढा.

या कप्प्याचीच अजून एक गोष्ट, वाफ होऊन पाणी कमी होतं ते वरच्या टँकमध्ये दिसतच नाही, सगळं याच कप्प्यात दिसतं. उन्हाळ्यात माझ्याकडे दिवसाला ५ लिटर उडतं, म्हणजे या कप्प्यात साडेपाच-सहा सेंटिमीटर. दोन दिवस टॉपअप विसरलं की पंप हवा ओढायला लागतो, तिसऱ्या दिवशी कोरडा फिरतो, आणि आतला दांडा पाण्यानेच थंड राहत असल्याने कोरडा पंप लवकर मरतो. मे महिन्यात गावी जाणार असाल तर फ्लोट व्हॉल्व्ह (पातळी उतरली की आपोआप पाणी सोडणारा) आणि वर एक भरलेला कॅन, नाहीतर शेजारच्यांना खूण करून द्या की पाणी या रेषेच्या खाली गेलं की एक तांब्या घाला.

वायरिंग

इथे मी कुणाचंही ऐकून घेत नाही. टँकच्या लाईनला ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाईन तोडणारा स्विच, पाहिजे, घराच्या मेन बोर्डात नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवून बसवून घ्या. अर्थिंग खरं आहे का तपासून घ्या, जुन्या इमारतीत तीन पिनांचा सॉकेट असतो पण मागे अर्थची वायरच नसते. एक्स्टेंशन बोर्ड कॅबिनेटच्या तळाला ठेवू नका, बाजूला वरती स्क्रूने लावा. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळीसारखी लोंबू द्या आणि मग वर सॉकेटमध्ये घ्या, वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोळीच्या तळाशी थेंब होऊन पडतं, प्लगमध्ये जात नाही. आणि सम्पमध्ये हात घालायच्या आधी स्विच बंद, प्रत्येक वेळी.

सफाई

बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर दर दोन महिन्यांनी, नळाचं मऊ पाणी असेल तर चार महिन्यांनी. स्विच बंद करा, युनियन उघडा, पंप बाहेर. पुढचं झाकण थोडं फिरवलं की निघतं. इम्पेलर बोटांच्या चिमटीत धरून सरळ ओढा, चुंबक आत ओढून धरतं त्यामुळे थोडा जोर लागतो, पण तिरका ओढू नका, सिरॅमिकचा दांडा खडूसारखा मोडतो. हे सगळं बेसिनवर करताना खाली चहाची गाळणी धरा, रबरी बुश वाटाण्याच्या दाण्याएवढे असतात आणि जाळीतून गेले की पंप खडखडायला लागतो.

चुंबकावर तपकिरी बुळबुळीत थर असेल तर तो नुसत्या टूथब्रशने जातो. नखाने खरवडला तरी न निघणारा पांढरा थर म्हणजे क्षार. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्व विरघळवा, किराणा दुकानात मिळतं, किंवा पांढरं व्हिनेगर निम्मं-निम्मं पाण्यात. इम्पेलर, झाकण, दांडा त्यात अर्धा तास ठेवा, बारीक बुडबुडे यायला लागतात, ते थांबले की ब्रश मारा. पंपाच्या पोटातल्या खोबणीतही तेच पाणी ओता आणि बाटली धुवायचा बारीक ब्रश फिरवा, खरा थर तिथेच साचतो आणि लोक तेवढंच सोडून देतात. मग साध्या पाण्याने दोन-तीनदा खळबळून धुवा. साबण अजिबात नको.

परत बसवायच्या आधी इम्पेलर बोटाने फिरवून बघा. चुंबकामुळे थोडं थांबत-थांबत फिरेल ते बरोबर आहे, पण खरखर लागली किंवा दांड्यावर डगडगलं तर दांडा किंवा बुश झिजलेत, बदला. आणि बसवल्यावर प्लग लावा, काढा, परत लावा, पाच वेळा.

लाईट गेली तर

पंप इन्व्हर्टरवर घ्यायचा असेल तर आधी इन्व्हर्टर कुठला ते बघा. स्क्वेअर वेव्हवाल्या जुन्या इन्व्हर्टरवर एसी पंप गुणगुणतो आणि तापतो, साइन वेव्हवर नीट चालतो. डीसी पंप कमी वॅटचा, वेग अजून कमी करून ठेवला तर बॅटरी पुष्कळ वेळ पुरते. यातलं काहीच नसेल तर निदान बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप वरच्या टँकमध्ये लावून ठेवा. त्या रात्री माझ्याकडे तेवढा एक असता तर ते दोन मासे वाचले असते असं मला अजून वाटतं.

आता माझ्या कॅबिनेटच्या दाराला आतून एक प्लास्टिकची पिशवी चिकटवलेली आहे, त्यात जादा इम्पेलर, दांडा, चार बुश आणि टेफ्लॉन टेपचं एक रीळ, आणि बाजूला मार्करने शेवटच्या सफाईची तारीख आणि बादली भरायचे सेकंद. मागच्या वेळी २५ आले होते, या वेळी २९ आलेत, म्हणजे या रविवारी पंप उघडायचा.